साधनाबाईंनी मोडलेले धडे

आमच्या शाळेत प्रत्येकाला दोन नावं असतात. एक आईबापांनी ठेवलेलं आणि दुसरं मुलांनी. मुलांना ऐकू येत नाही, त्यामुळे ती नाव हातांनी घेतात. माझं पाळण्यातलं नाव रंगनाथ, पण मुलांच्या हातात मी म्हणजे भुवयांच्या मध्ये टेकवलेलं बोट आणि कपाळाला आठी. चिडका! चित्रकलेचा मास्तर चिडका नसेल तर रंगाच्या बाटल्या आठवडाभरही पुरत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार? साधना अहिरे यांचं नाव म्हणजे घट्ट मूठ छातीशी आणि हनुवटी वर. हटत नाही ती. मुलांना माणसाची पारख असते.

साधनाबाई मूळच्या नामपूरच्या. वडील कांदा बाजारात मापारी. लिलावाच्या गलक्यात वाढलेली ही मुलगी नाशिकरोडच्या आमच्या शाळेत शिक्षिका होऊन आली तेव्हा मला वाटलं होतं, सहा महिन्यांत कंटाळून जाईल. इथल्या शांततेची सवय व्हायला वेळ लागतो. पण ही बाई आल्या आल्या आमच्याशीच भांडायला लागली. पुस्तकं कोणासाठी लिहिली आहेत? ज्याला ऐकू येतं त्याच्यासाठी. मग आपल्या मुलांची पुस्तकं कुठे आहेत? रागाचा पारा चढला की तिच्या बोलण्यात अहिराणी उतरायची. "हाई काय शे?" म्हणून पुस्तक टेबलावर आपटायची. आमचे मुख्याध्यापक देवराम सर तेव्हा नवीन होते. ते दचकायचे.

त्याच सुमाराला शाळेला कोणीतरी वापरलेले संगणक देणगी म्हणून दिले. देणगीदारांसोबत फोटो झाले, हार झाले, आणि संगणकांवर कापड टाकून खोलीला कुलूप लागलं. साधनाबाईंनी ते कुलूप काढलं. नाशकातल्या कॅनडा कॉर्नरच्या एका क्लासला जाऊन त्या फ्लॅश शिकल्या. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इंटरनेटची पानं दाखवणारा जो ब्राउझर असतो, त्याला जोडायची ती एक पुरवणी होती. ती असली की पानावरची चित्रं हलायची, बटण दाबलं की उत्तर द्यायची. नसली तर पांढरा चौकोन. त्या काळी सगळं जग त्यावर चालायचं, आमचंही चालू लागलं.

चित्रं माझी. बाई समोर बसून हात हवेत धरायच्या आणि मी तो हात काढायचो. मग त्या हात जरासा हलवायच्या, मी पुन्हा काढायचो. एका खुणेला पंधरा-वीस चित्रं लागायची. "अंगठा चुकला, सर." पुन्हा. "बोटांत फट नको, अर्थ बदलतो." पुन्हा! आमच्या मुलांच्या स्वतःच्या खुणाही धड्यांत आल्या. एकलहरे म्हणजे उभ्या मुठीतून वर वळत जाणारी बोटं, तिथल्या वीजकेंद्राच्या चिमणीचा धूर. निफाड म्हणजे एका हातानं द्राक्षाचा घड धरायचा, दुसऱ्यानं कातरायचा. नामपूर म्हणजे डोळे चोळायचे, कांदा! ही खूण खुद्द बाईंवरून निघाली, आणि त्यांनी ती हसत धड्यात घातली. वर्षानुवर्षं आम्ही असे धडे केले. माझ्या उमेदीची वर्षं त्या हातांत गेली, आणि मला त्याचा अभिमान आहे. लपवायचं काय त्यात?

सगळ्यांत लाडका धडा होता 'माझं वय'. मुलाचं जन्मसाल लिहायचं. धडा संगणकातलं चालू वर्ष बघून वजाबाकी करायचा आणि वय जितकं तितके दिवे पडद्यावर एकेक करून लागायचे. आमच्याकडे वाढदिवसाचं औक्षण त्या खोलीतच व्हायचं. बाई जन्मसाल टाइप करायच्या, वाढदिवसाचं मूल पडद्यासमोर उभं राहायचं, दिवे लागले की सगळी मुलं दोन्ही हात वर करून हलवायची. आमच्या टाळ्या अशाच असतात.

मग २०२० संपलं आणि कंपनीनं फ्लॅश बंद केलं. तेव्हा शाळाच बंद होती, कोणाला पत्ता लागणार? २०२२ उजाडलं, पुन्हा मुलं आली, खोली उघडली, तर प्रत्येक धड्याच्या जागी पांढरा चौकोन. बाईंनी बटण दोनदा दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, "ललितला बोलवा."

ललित म्हणजे आमचे संगणक दुरुस्त करणारा. डोकेबाज माणूस. त्यानं शोधून काढलं की फ्लॅशच्या शेवटच्या आवृत्तीत एक तारीख दडवून ठेवली आहे, त्या तारखेनंतर ते आपोआप चालायचं थांबतं. मग त्यानं संगणकांचं इंटरनेट काढलं आणि वर्ष मागे नेऊन २०२० केलं. लगेच हात हलू लागले! बाईंनी त्याला चहा पाजला, मी भजी मागवली. पुढच्या जानेवारीत ललित आला आणि त्यानं वर्ष पुन्हा मागे ढकललं. बाहेर काळ पुढे चालला होता, आमच्या खोलीत तो जागच्या जागी होता. आमचं काही बिघडत नव्हतं.

फक्त 'माझं वय' बिघडला. संगणक २०२० समजत होता, म्हणून दिवे कमी लागणार. यावर तोड बाईंनीच काढली. हार मानणं त्यांच्या रक्तात नव्हतंच. त्यांनी जन्मसालही तेवढंच मागे लिहायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी दोनानं, पुढच्या वर्षी तीनानं. २०१३ साली जन्मलेल्या मुलीचं २०१० लिहिलं की दिवे बरोबर दहा. हिशेब चोख. मीसुद्धा वा म्हणालो.

२०२३ च्या दिवाळीनंतर शाळा उघडली, त्याच दिवशी सुमनबाई आल्या. निफाडकडच्या द्राक्षमळ्यांत काम करणारी बाई. त्यांची मुलगी संजना आमच्याकडे वसतिगृहात राहते. मुलीला दारात सोडून त्या तडक बाईंच्या वर्गात आल्या.

"बाई, तुमी माझ्या धाकटीला थोरली करून ठेवली हो!"

बाईंना काही कळेना. मी तिथेच भिंतीवर तक्ता टांगत होतो, मलाही कळेना.

"भाऊबीजेला म्हणलं, दादाला ववाळ आन पाया पड. तर ही पाटावर जाऊन बसली. म्हणती, म्हंजी हातानं म्हणती, मीच थोरली, त्यानं माझ्या पाया पडावं. मी म्हणलं, आगं तो दोन वर्सानं मोठा हाय. तर हिनं राखेत बोटानं लिव्हून दाखवलं. दोन हजार दहा. दादा अकराचा, मी दहाची. ताट पालथं केलं, बाई. सणासुदीला दोन दिस जेवली नाय माझी लेक."

मला हसू आलं. बाईंना आलं नाही. 

"तुम्ही तिला समजावलं नाही?" त्यांनी हळू विचारलं.

"कशानं समजावू?" सुमनबाई म्हणाल्या. "ये, जा, खा, झोप, एवढंच येतं मला. ती कवा जन्मली, कशी जन्मली, त्याला हात कुठून आणू मी? तिला वाटतं आईच खोटं बोलती. बाईंच्या मशीननं दिवे लावून दाखवलेत ना!"

सुमनबाई गेल्या. बाईंनी मुलांना फळ्याकडे बोलावलं आणि एकेकाला खडू देऊन खूण केली, तुझं जन्मसाल लिही. मुलं उड्या मारत आली, येत असलेलं सांगायला कोणाला आवडत नाही? ज्यांचे वाढदिवस होऊन गेले होते, त्यांच्यापैकी एकाचंही साल बरोबर नव्हतं. सगळी तीन वर्षांनी मागे. सुंदर अक्षरात, न अडखळता.

ऐकू येणाऱ्या मुलाला आपलं साल दहा तोंडांतून कळतं. शेजारीण म्हणते, आत्या म्हणते, रेशनच्या रांगेत कोणी विचारतं. आमच्या मुलांना जे दिसेल तेच खरं. आम्ही मोठी माणसं दिव्यांकडे बघत होतो आणि मुलं बघत होती बाईंनी टाइप केलेल्या आकड्याकडे. तो तर औक्षण संपेपर्यंत पडद्यावरच असायचा.

सातवीतली तेजल खडू हातात घेऊन उभी होती. हुशार मुलगी. तिनं दोन सालं लिहिली आणि खुणेनं विचारलं, यातलं कुठलं लिहू? गेल्या वर्षी हे होतं, या वर्षी हे आहे. जन्मसाल दर वर्षी एकानं मागे जातं ना?

बाईंनी तिच्या हातातून खडू घेतला. दोन्ही सालं खोडली, खरं लिहिलं. मग सगळ्यांची खरी सालं लिहिली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून खूण केली, चूक माझी. वर्गात एकदम खूप हात हलायला लागले. ती मुलं चिडली होती, आणि चिडलेले हात मला चांगले ओळखता येतात. तेजलनं मात्र सावकाश हात हलवून विचारलं, "आणखी काय काय खोटं आहे?"

"बघते," बाई हातांनीच म्हणाल्या. "जे निघेल ते मोडू."

दुसऱ्या दिवशी देवराम सरांच्या खोलीत बैठक बसली. सर, मी, ललित आणि बाई. बाईंनी सरळ विषय काढला. फ्लॅश सोडायचं. संगणकांचं वर्ष आजचं करायचं, सगळे जुने धडे काढून टाकायचे आणि नव्यानं करायचे.

मी भडकलो. का नाही भडकणार? "एका धड्यात चूक झाली, तो एक धडा काढा! नाकावरची माशी मारायला नाकच कापायचं का? बाकीच्या धड्यांनी कोणाचं काय वाकडं केलं?"

"सर, वर्ष मागे ठेवलं तरच बाकीचे चालतात."

"मग ठेवा मागे! कोपऱ्यातल्या तारखेवर कागद चिकटवू."

"आणि मुलांनी विचारलं, कागदाखाली काय आहे, तर?"

ललित मध्ये पडला. फ्लॅशची नक्कल करणारी नवी सोय निघाली आहे, म्हणाला. ती वापरली तर तारीख मागे न्यावी लागणार नाही. त्यानं आदल्या संध्याकाळी करून पाहिलं होतं. लॅपटॉप उघडून त्यानं दाखवलं. अर्धे धडे झकास चालले. मी टेबलावर थाप मारली. पण पुढचे, जे बाईंनी मागाहून अवघड पद्धतीनं केले होते, त्यांत हात अर्धवट उठून तिथेच थांबायचा. ललित म्हणाला, मूळ फायली असत्या तर दुरुस्त करता आलं असतं, पण त्या जुन्या डिस्कबरोबर कधीच गेल्या. माझे हात पडद्यावर लटकलेले मला बघवेनात. अर्धी खूण म्हणजे अर्धा शब्द नव्हे, ती भलताच शब्द होते. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

"अर्धे चालतात तेवढे ठेवू," मी म्हणालो. माझा आवाज खाली आला होता.

देवराम सर म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं पटतं. पण तपासणीला लोक येतात तेव्हा आपण तीच खोली दाखवतो. आधी नवे धडे करा. झाले की जुने काढू. घाई कशाला?"

बाई उठून उभ्या राहिल्या. भांडण मोठ्या आवाजात होईल असं मला वाटलं होतं, पण त्या अगदी शांत होत्या.

"सर, जुने असेपर्यंत नवे होणार नाहीत. मी मला ओळखते. थकले की जुनं बटण दाबीन, आणि पुढच्या जानेवारीत ललित पुन्हा वर्ष मागे करायला येईल. आणि खोलीचं म्हणाल तर खोटं तिथूनच सुरू झालं. हे धडे एका खोलीत कोंडलेले आहेत. फोनवर ते कधी चाललेच नाहीत. शाळा बंद होती तेव्हा एकाही मुलाला घरी धडा मिळाला नाही. मुलं खुणा शिकतात आणि आई कोरडीच राहते. काल सुमनबाई मला विचारून गेल्या, हात कुठून आणू म्हणून. त्यांच्या घरात स्वस्तातला का होईना, स्मार्टफोन आहे. तिथे जो धडा पोचत नाही तो मला नको."

"इतक्या वर्षांची मेहनत आहे, बाई," मी म्हणालो. "माझीसुद्धा."

त्या माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण मान ताठ. "मना हातना धडा शेतस ते, सर. मीच मोडसू."

माझ्या हातचे धडे, मीच मोडीन म्हणे. मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिलो. खूप राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. बाईंचं बरोबर होतं, त्याचाच जास्त राग.

त्याच दुपारी त्यांनी परतीचे दोर कापले. ललितला बाजूला बसवलं आणि एकेका संगणकावरचे धडे स्वतः काढले. एक प्रत तेवढी माझ्या कपाटात ठेवायला दिली. म्हणाल्या, चित्रं तुमची आहेत, पण वर्गात आणायची नाहीत. मग सगळ्या संगणकांवर खरी तारीख घातली आणि मुलांना आत बोलावलं. मुलांनी आधी कोपऱ्यातलं वर्ष वाचलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवरचं. दोन्ही जुळतात का, ते तपासून घेतलं. तेव्हापासून ती आमचं काहीच तपासल्याशिवाय घेत नाहीत. तेजल तर मी काढलेल्या नकाशात निफाड कुठे आहे तेही बघून येते. वैताग आहे नुसता!

नवे धडे फोनवर चित्रित करायचे ठरले. खऱ्या हातांचे, खऱ्या चेहऱ्यांचे, कोणालाही पाठवता येतील असे. खोली रिकामी झाल्यावर पहिले काही आठवडे वाईट गेले. वर्गात दाखवायला काही नसायचं, बाई दिवसभर उभ्या राहून सगळं हातांनी करायच्या आणि संध्याकाळी त्यांचे खांदे भरून यायचे. तपासणी झाली, साहेबांनी विचारलं, तुमची ती प्रसिद्ध खोली कुठे? देवराम सर माझ्याकडे बघायला लागले. बाई म्हणाल्या, "बंद केली. नवं करतोय." साहेबांनी तोंड वाकडं केलं. मग मात्र मीच पुढे झालो आणि त्यांना जरा जास्तच ऐकवलं. भांडण आमच्या घरातलं होतं, त्यात बाहेरच्यांनी तोंड घालायचं कारण नाही.

'माझं वय' हा धडा बाईंनी निराळाच करायला घेतला. त्यात वजाबाकी नाही. रविवारी आया यायच्या, खुणा शिकायच्या आणि आपलं मूल केव्हा, कसं जन्मलं ते त्या मुलाला समोर बसवून सांगायच्या. चित्रण करायचं माझ्याकडे आलं. हात काढायची सवय असलेल्या माणसाला हात टिपायचं काम, एवढं तरी मिळालं.

सुमनबाई जवळजवळ प्रत्येक रविवारी आल्या. मळ्यातल्या कामानं त्यांची बोटं जाड आणि ताठ झाली होती, खुणेसाठी पटकन वळायची नाहीत. बाई त्यांच्या हातावर हात ठेवून बोट वळवायच्या. "अंगठा चुकला, सुमनताई." पुन्हा. सुमनबाई कधी रडकुंडीला यायच्या, कधी हसायच्या. घरी जाताना फोनमध्ये त्या दिवसाचा धडा घेऊन जायच्या आणि छाटणीला जाताना जीपमध्ये बसून हात हलवत राहायच्या. बरोबरच्या बाया चेष्टा करायच्या म्हणे. करू देत.

त्यांच्या चित्रणाच्या दिवशी संजना समोर पाय दुमडून बसली. दिवाळीपासून ती आईशी जरा अंतर राखूनच होती. सुमनबाईंनी पदर खोचला, हात पुसले आणि सुरुवात केली. मी जे पाहिलं ते सांगतो.

द्राक्षाची छाटणी चालू होती. माझं पोट एवढं. दादा एवढासा, हात जमिनीपासून जरा वर, नुकता पळायला लागलेला. मला कळा आल्या. दादा दारात उभा, आत्यानं त्याला धरलेलं. मग तू आलीस. आधी दादा, मग तू. दादानं तुझी मूठ उघडून बघितली.

एका ठिकाणी त्यांचा हात अडला. त्यांनी बाईंकडे बघितलं नाही. हात खाली घेतला आणि ती खूण पहिल्यापासून पुन्हा केली.

संजना पापणी न लववता बघत होती. तिनं वाद घातला नाही, सालाचं काही विचारलं नाही. सगळं सांगून झाल्यावर ती गुडघ्यांवर पुढे सरकली, स्वतःच्या गळ्याला हात लावला, तोंड उघडलं आणि बोटं ओठांपासून दूर नेली. मग आईकडे बोट.

सुमनबाईंना समजलं नाही. संजनानं तेच पुन्हा केलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. मी रडले होते का? तुला ऐकू आलं?

 साधनाबाईंनी माझा दंड घट्ट धरून ठेवला होता.

सुमनबाईंनी मान हलवली. "लय," त्या तोंडानं म्हणाल्या, मग आठवून हातांनी. दोन्ही हात कानांपासून जितके लांब जातील तितके नेले. सगळ्या मळ्याला ऐकू गेलं. माणसं काम टाकून आली. एवढा मोठा आवाज तुझा.

संजनानं स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून ती बसून राहिली. मग आईचे दोन्ही हात धरून पुन्हा तिच्या कानांशी नेले आणि तेवढंच परत सांगायला लावलं.